गावी रेंज कुणाची येते? आईबाबांसाठी कार्ड निवडायचंय

पाणंद (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार.

आईबाबा गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्यातलं बिऱ्हाड आवरून कायमचे गावी गेले. संगमेश्वर तालुका, साखरप्याच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. वाडी खाली पऱ्ह्याला (ओढ्याला) लागून आणि तिन्ही बाजूंना डोंगर. घर जुनं, जांभ्याचं, भिंती हातभर जाड, वर कौलं, भोवती फणस न् आंबे. सगळं झकास आहे, फोन सोडून.

घरात फोन लागत नाही. खळ्याच्या टोकाला रामफळाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की दोन दांड्या येतात. आई त्या जागेला ‘ह्यांचं ऑफिस’ म्हणते. पावसाळ्यात बाबा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन घेऊन ऑफिसला जायचे. बँकेचा ओटीपी झाडाखाली येतो आणि चष्मा ओटीवर असतो, त्यामुळे दर व्यवहार दोनदा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. चैत्रात एका रात्री बाबांना चक्कर आली, दरदरून घाम फुटला. आईने झाडाखाली जाऊन १०८ लावून बघितला, दोन्ही दांड्या गायब. शेजारच्या पोराने बाईक काढली, वर खिंडीपर्यंत गेला आणि तिथून फोन केला. गाडी आली, बीपी निघालं, बाबा आता ठणठणीत आहेत. माझी झोप मात्र तेव्हापासून उडाली आहे.

तर प्रश्न असा: कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यावं? घरातून फोन लागला पाहिजे, ओटीपी आला पाहिजे, नातवाचं तोंड दिसलं तर दुधात साखर. बाबांकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तो बदलायला ते तयार नाहीत. आईकडे स्मार्टफोन आहे.

शंकासुर · शुक्रवार, रात्री ११:०२

कुठलंही घ्या. आमच्या राजापुरात पहिला वळीव पडला की लाईट जाते, आणि लाईट गेली की टॉवर सुतकात बसतो. त्याला कंपनी काय करणार!

घाटमाथा · शनिवार, सकाळी ७:१५

इथे पन्नास जण पन्नास नावं सांगतील. माझ्या गावात (पाटण तालुका) जे कार्ड घोड्यासारखं पळतं, तेच डोंगरापलीकडे सासुरवाडीत मेलेलं असतं. त्यामुळे गावातच विचारा. पण शेजाऱ्याला नको, तो ‘चालतंय की’ म्हणतो. ज्यांचं पोट फोनवर आहे त्यांना विचारा: आशाताई, पोस्टमन, दुधाची गाडीवाला, आणि सगळ्यात आधी वायरमन. वायरमन वाडी-वाडी फिरतो, लाईट गेल्यावरच फिरतो, आणि त्याला सबस्टेशनला फोन करावाच लागतो. त्याच्या खिशात कुठली दोन कार्डं आहेत ते बघा.

खाडीपट्टा · शनिवार, सकाळी ८:३०

वायरमनला +१

डीजी_चालू · शनिवार, दुपारी १:४८

अकरा वर्षं टॉवरच्या देखभालीत आहे, रत्नागिरी आणि दक्षिण रायगड. लांबलचक लिहितोय, गोड मानून घ्या.

पहिली गोष्ट. तुमचा फोन कंपनीला लागत नाही, एका टॉवरला लागतो. वाडीतून तो टॉवर ‘दिसतो’ का, एवढाच सवाल आहे. तिन्ही बाजूंना डोंगर म्हणजे चौथ्या बाजूला जे आहे त्यावर तुमचं नशीब. खिंडीत रेंज येते याचा अर्थ टॉवर पलीकडे आहे आणि वाडी डोंगराच्या सावलीत आहे.

दुसरी गोष्ट लहरींची. मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान तितकी लाट लांब जाते आणि झाडीतून, भिंतीतून तगून आत येते. ७००, ८५०, ९०० ही खेड्यातली कामाची माणसं. १८०० मधलं. २१००, २३०० शहरात स्पीड देतात, पण फणसाच्या दाट पानोळ्यात आणि हातभर जांभ्यात दम तोडतात. जिओचं फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, आणि ७०० त्यांनी फाइव्ह-जीसाठी ठेवलंय. व्हीआयची आपल्या सर्कलमध्ये (म्हणजे परवान्याच्या विभागात) ९०० वर जुनी पकड आहे. एअरटेलने २०२१ च्या लिलावात देशभर खालच्या लहरींची भर घातली. बीएसएनएलचं नवं फोर-जी ७०० आणि २१०० वर आहे. मात्र ७०० पकडायला फोनमध्ये ‘बँड २८’ लागतो. जुन्या फोनमध्ये तो नसतो, आणि मग माणूस कंपनीला शिव्या घालतो.

तिसरी गोष्ट तुमच्या बाबांच्या फोनची. जिओला टू-जी नाहीच, तिथे फोर-जी फोनच लागतो, भले बटणांचा असो. जुना टू-जी फोन ठेवायचा असेल तर उरलेल्या कंपन्यांतूनच निवड करावी लागेल. एरवी टू-जी हिणवण्यासारखं नाही. डोंगरात नुसत्या बोलण्यापुरतं ते बऱ्याचदा फोर-जीच्या पुढे पोचतं.

चौथी गोष्ट लोकांना माहीत नसते. ‘दोन कंपन्यांची दोन कार्डं ठेवली, आता निर्धास्त’ असं नसतं. टॉवर बहुतेक वेळा टॉवर कंपनीचा असतो, मोबाईल कंपन्या त्यावर भाडेकरू. एकाच खांबावर दोघा-तिघांच्या अँटेना, खाली एकच मीटर, एकच डीजी. म्हणजे डिझेल जनरेटर हो, माझं नावच ते. वीज गेली आणि बॅटरी उतरली की तिघेही एकाच मिनिटाला गुल. बॅटरी बँक नवी असेल तर चार-सहा तास खेचते. जुनी असेल तर चहा होईपर्यंत.

तेव्हा दोन कार्डं घ्या, पण दोन वेगळ्या टॉवरांची.

शंकासुर · शनिवार, दुपारी २:०५

डीजीभाऊ, मग डिझेल टाकायला कोण येतं ते पण सांगा की. आमच्याकडे तर बोकडासारखा वाट बघत उभा असतो टॉवर.

डीजी_चालू · शनिवार, दुपारी २:३१

माणूस येतो. रस्ता असला तर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा मी मंडणगड भागात होतो. रस्त्यावर दर शंभर पावलांवर आडवं झाड. डिझेलचे कॅन दोघांनी खांद्यावर घेऊन साईटवर चढवलेत. डीजी सुरू झाला, टॉवर उठला, आणि फोन तरीही लागेना! खाली कुठेतरी टॉवरला जोडणारी फायबरची तार तुटलेली. दांड्या पूर्ण, आवाज शून्य. खाली लोक जमले होते, त्यांना वाटलं आम्ही उगाच टॉवरवर चढून बसलोय.

खाडीपट्टा · शनिवार, दुपारी ३:१०

दंडवत घ्या. आम्ही तेव्हा दापोलीकडे होतो, घरचे जिवंत आहेत हे मुंबईच्या भावाला पाचव्या दिवशी कळलं.

नकाशाप्रेमी · शनिवार, सायं. ५:२०

गावी जाण्याआधी घरबसल्या करता येण्यासारखं थोडं:

ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमामुळे एप्रिल २०२५ पासून सगळ्या कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे टाकलेत. टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी वेगवेगळं दिसतं. वाडीपर्यंत झूम करा. रंग नसेल तर ते कार्ड बाद, विषय संपला. रंग असेल तर मात्र लगेच हुरळून जाऊ नका, नकाशा संगणकाने गणित करून काढलेला असतो आणि बहुतेक करून उघड्यावरचा असतो. तुमच्या माजघराचा नसतो.

दुसरं, दूरसंचार खात्याचं ‘तरंग संचार’ पोर्टल. २०१७ पासून आहे. जागा टाकली की आसपासचे टॉवर आणि त्यावर कोण कोण आहे ते दिसतं. डीजीभाऊंनी सांगितलेली ‘एकच खांब’ भानगड तिथे बऱ्यापैकी उकलते.

आणि गावी गेलात की दांड्या मोजू नका. प्रत्येक फोनवाला आपल्या मर्जीने दांड्या दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’ मध्ये सिम स्टेटस उघडा, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये असतो, उणे चिन्हासकट. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. फोर-जीसाठी ढोबळ हिशेब: उणे ९० च्या आसपास असेल तर चैन, १०० ते ११० कामचलाऊ, ११५ ला आवाज तुटायला लागतो, १२० च्या पलीकडे रामराम.

माजघर · शनिवार, सायं. ६:००

वाखू (वाचनखूण) साठवली. पोस्टमनला विचारायचं हे आमच्याकडे चालणार नाही, आमचा पोस्टमन फोन घरी ठेवून येतो. ‘हरवला तर?’ म्हणतो.

पाणंद · शनिवार, रात्री ९:१२

एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्यात तीन दिवस गावी जातोय. तीन कंपन्यांची कार्डं घेऊन जाईन आणि घरभर आकडे घेईन.

एक शंका. ऑनलाइन तीन-चार हजारांत ‘सिग्नल बूस्टर’ मिळतोय. छतावर एक अँटेना, घरात एक. कुणी वापरलाय का?

डीजी_चालू · शनिवार, रात्री ९:४०

अजिबात घेऊ नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे, दूरसंचार खात्याच्या धाडी पडतात आणि माल जप्त होतो. कायदा बाजूला ठेवला तरी तो गावाचं वाटोळं करतो. जत्रेत माईक कर्ण्यासमोर नेला की शिट्टी कशी कान फाडते? बूस्टरची घरातली अँटेना आणि छतावरची अँटेना एकमेकींना ऐकायला लागल्या की तीच शिट्टी लहरींवर वाजते, आपल्या कानाला न ऐकू येणारी. टॉवरला त्या गोंगाटात बाकीचे फोन ऐकू येत नाहीत. अख्ख्या पंचक्रोशीची रेंज का गेली म्हणून आम्ही मशिन घेऊन दारोदार फिरलोय. एकदा एका बंगल्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सापडला, मालक आम्हालाच म्हणे की तुमची रेंज फार खराब आहे!

बाहेर अँटेना लावता येणारा फोर-जी राउटर मात्र चालतो. त्यात सिम घालायचं, अँटेना टॉवरच्या दिशेला रोखून धरायची, घरात वायफाय. तो एक साधा ग्राहक झाला, बूस्टर नव्हे.

तिलारीकाठ · रविवार, सकाळी ९:०५

मी दोडामार्गची. घराला लागून काजूची बाग आणि मोबाईल सिग्नल नावाला. आमचं दुखणं वायफाय कॉलिंगने गेलं, म्हणून लिहिते.

गावातल्या केबलवाल्याने फायबर आणली आहे. खांबावरून, माडावरून, कुठे चक्क गोठ्याच्या वाशावरून. राउटर घरात आला की फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करायचं. मग टॉवर असो नसो, आपल्याच नंबरावर फोन येतो आणि जातो. व्हॉट्सॲप कॉल नव्हे, साधा फोन. समोरच्याला काही वेगळं करावं लागत नाही. ओटीपीही मला तसेच येतात. फोन त्याला चालणारा हवा आणि कंपनीने ती सोय दिलेली हवी, हे घेण्याआधी बघा.

लाईट गेली की राउटर बंद, त्यामुळे छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतलाय. घरातला इन्व्हर्टर पंखा-दिव्यांना ठेवते आणि हा वेगळा, नुसता राउटर आणि फायबरच्या डबीला. तीन-चार तास निघतात. फांदी पडून तार तुटली तर केबलवाला त्याच दिवशी येतो, कारण त्याचा भाचा आमच्या शाळेत आहे.

अवांतर: इथे गोव्याच्या हद्दीपलीकडे गेलं तरी सर्कल तेच, महाराष्ट्र आणि गोवा एकच. मुंबई-ठाणे-नवी मुंबई-कल्याण मात्र वेगळं सर्कल. चाकरमानी गणपतीत येतात आणि ‘रोमिंग दाखवतंय’ म्हणून घाबरतात.

पाणंद · रविवार, सकाळी ९:५०

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या वाडीत फायबर नाही, पण वरच्या गावठाणात आली आहे असं ऐकून आहे. चौकशी करतो.

अक्राणीतून · रविवार, दुपारी १२:२२

नंदुरबार जिल्हा, धडगाव तालुका. शिक्षक आहे. तुमच्याकडे रामफळ आहे, आमच्याकडे शाळेमागे एक टेकडी आहे. माहिती ऑनलाइन भरायची म्हणजे टेकडी चढायची. वर एक सपाट दगड आहे, त्यावर बसलं तर नेट येतं, उभं राहिलं तर जातं. कारण विचारू नका.

कामाची माहिती अशी. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरांवर इंट्रा सर्कल रोमिंग सुरू केलं. सरकारी पैशातून ज्या दुर्गम गावात एकच टॉवर आहे, तिथे बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांपैकी कुणाचंही कार्ड त्या टॉवरवर चालावं, अशी सोय. सगळ्या टॉवरांवर नाही, फक्त त्या निधीतल्या. तुमच्या भागात तसा असेल तर फोनमध्ये डेटा रोमिंग चालू करून बघा. बंद ठेवलेलं असतं म्हणून नेट मिळत नाही, आणि माणूस कार्ड बदलत बसतो.

बीएसएनएलचंही बघून ठेवा. २०२२ च्या जुलैत केंद्राने फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, ती बीएसएनएलमार्फत. देशी बनावटीच्या फोर-जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. ज्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी वैतागून ते कार्ड टाकून दिलं त्यांनी पुन्हा एकदा घालून बघायला हरकत नाही. टॉवर झालेला असेल तर असेल, नसेल तर दगड आहेच.

हडसनकाठ · रविवार, रात्री ८:१५

इकडे अमेरिकेत टी-मोबाईलने २०२५ च्या जुलैपासून साध्या फोनवर थेट उपग्रहावरून मेसेज सुरू केलेत. रानात टॉवर नसला तरी मेसेज जातो. तुमच्याकडे उपग्रहावरून नेट देणारं स्टारलिंक येतंय ना? नाहीतर येताना बाबांसाठी एखादा सॅटेलाइट फोन घेऊन येऊ का, सांगा.

भटकी_टाच · रविवार, रात्री ८:४४

अहो नका!! परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन भारतात आणणं-वापरणं गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियम तर नावानिशी बंद. ट्रेकर लोक वापरतात ते गार्मिनचं इनरीच (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) सुद्धा त्यातच धरतात, परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवलंय त्यापायी. बाबांना फोन मिळायचा आणि तुम्हाला कोठडी.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने त्यांच्याबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव ही नावं होती. संगमेश्वर नव्हतं.

ट्रेकवरचा एक अनुभव इथे उपयोगाचा. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी खातो. आम्ही रतनगडाला चढताना विमान मोड लावतो आणि माथ्यावरच काढतो. आईबाबांच्या घरातही फोन दिवसभर शोधतच असणार, संध्याकाळी बॅटरी संपते का विचारा.

आणि महत्त्वाचं: स्क्रीनवर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ असं दिसत असेल तर याचा अर्थ तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे. तेव्हा ११२ लागतो, कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्हींसाठी. हे आईंना आजच सांगा.

पाणंद · रविवार, रात्री ९:०३

त्या रात्री आईच्या फोनवर नेमकं हेच लिहून आलं होतं. तिला वाटलं फोन बिघडला.

खाडीपट्टा · सोमवार, सकाळी १०:००

पोर्ट करणार असाल तर घाई नको. बाबांचा नंबर बँक, पेन्शन, आधार सगळीकडे असणार. आधी नव्या कंपनीचं वेगळं कार्ड घेऊन महिनाभर चालवा, पटलं तर मग जुना नंबर तिकडे न्या. १९०० वर ‘पोर्ट’ लिहून पुढे नंबर टाकून मेसेज करायचा (इंग्रजी अक्षरांत), कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. एकदा गेलात की ९० दिवस हलता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पोर्ट करून फसलात तर गणपतीपर्यंत भोगा. सिम नुकतंच बदललेलं असेल तर सात दिवस कोडही मिळत नाही, जुलै २०२४ पासूनचा नियम.

दोन कार्डांचा खर्च नको असेल तर दुसऱ्यावर नुसत्या बोलण्याचा पॅक टाका. डेटा नसलेले पॅक कंपन्यांना २०२५ पासून ठेवावे लागतात. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावे लागतात.

शंकासुर · सोमवार, सकाळी १०:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

भटकी_टाच · सोमवार, सकाळी १०:२६

अवांतर म्हणून सांगते, लडाख-काश्मीरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आपलं प्रीपेड तिकडे चालत नाही, पोस्टपेड चालतं. दर मे महिन्यात कुणीतरी लेहच्या विमानतळावर फोन झटकत उभा असतो.

पाणंद · पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ११:३०

आलो गावाहून. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, पलीकडच्या वाडीत सगळं उलटं असेल. पहिलं, दुसरं, तिसरं म्हणतो. पहिलं म्हणजे सध्याचं.

आकडे (सगळे उणे): रामफळाखाली पहिलं १०१, दुसरं ९६, तिसरं १०९. ओटीवर पहिलं ११३, दुसरं १०६, तिसरं ११२. माजघरात पहिलं आणि तिसरं गायब, दुसरं ११८. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत मात्र गंमत. पहिलं-दुसरं दोन्ही ११६ च्या पलीकडे, आणि तिसरं १०५! ती खिडकी पऱ्ह्याच्या बाजूला उघडते, तिकडे डोंगर नाही, नुसता उतार आहे. मी घरभर फोन घेऊन भिंतींना लावत फिरत होतो ते बघून आईने विचारलं, पाल शोधतोस काय रे?

दुसरं घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मंगळवारी वायरमनला गाठलं. त्याच्या खिशात पहिलं आणि तिसरं. मी म्हटलं, दुसऱ्याची रेंज तर जास्त आहे. तो म्हणाला, ‘लाईट असताना!’ बुधवारी देखभालीसाठी सकाळी वीज जाणार होती, तेव्हा बसून बघ म्हणाला.

बसलो. सव्वानऊला वीज गेली. दहा वाजून सात मिनिटांनी पहिलं गेलं. मी मान वळवून दुसऱ्या फोनकडे बघितलं तर तेही गेलेलं. डीजीभाऊ, तुम्ही सांगितलं तस्संच, एकाच मिनिटाला. तिसरं संध्याकाळी पाचला वीज येईपर्यंत होतं. खिडकीत १०५, कधी १०८. तो टॉवर लांब, दरीपलीकडे, पण वेगळा आहे.

मग तिसरं घेतलं. बाबांना फोर-जीचा बटणांचा फोन घेऊन दिला, बटणं मोठी आहेत म्हणून कुरकुर न करता घेतला. खिडकीच्या कोनाड्यातून मीठ-तिखटाचे डबे हलवून तिथे चार्जर बसवलाय, फोन कायम तिथेच. स्पीकर लावून बोलायचं. जुना नंबर आहे तिथेच ठेवला आणि आईच्या फोनमध्ये दोन्ही कार्डं घातली. ११२ दोघांकडून एकदा डायल पॅडवर दाबून घेतला, हिरवं बटण न दाबता. वरच्या गावठाणातला केबलवाला म्हणाला, वाडीत पाच घरं तयार झाली तर दिवाळीपर्यंत तार खाली आणतो. तीन घरं झालीत.

डीजी_चालू · शुक्रवार, सकाळी ६:५५

एक नंबर काम केलंत. आता पावसाळ्यात बघा. उताराकडे पानं वाढली की १०५ चे ११० होतील, तेव्हा घाबरू नका, पण ११५ च्या पुढे गेलं तर कळवा. आणि तिसऱ्याचा टॉवर नक्की कुठला ते तरंग संचारवर बघून मला व्यनि (खाजगी निरोप) करा, त्याची बॅटरी कधी बदलली ते माझ्या ओळखीतून विचारतो.

तिलारीकाठ · शुक्रवार, सकाळी ९:३०

उरलेल्या दोन घरांना आईंच्या हातच्या फणसाच्या साठांवर बोलवा. होतील तयार.

पाणंद · शुक्रवार, सकाळी ९:४१

आईला सांगितलं. ती म्हणाली, त्यातलं एक घर वायरमनचं आहे, त्याला साठं नकोत, कोंबडी लागेल.

नवखा_०७ · शुक्रवार, दुपारी ४:१८

नमस्कार, नवीन सभासद आहे. धागा मोठा आहे म्हणून पूर्ण वाचला नाही. माझं गाव मंडणगड तालुक्यात आहे. थोडक्यात सांगा ना, कुठलं कार्ड घेऊ?

शंकासुर · शुक्रवार, दुपारी ४:२०

तुमचा वायरमन कोण?